अलम् : पुरेशा घराविषयी काही विचार

रविवारच्या पुरवण्यांत आणि दिवाळीच्या सुमारास निघणाऱ्या गृहसजावट विशेषांकांत एक शीर्षक हमखास आढळते. शब्द थोडेफार बदलतात, आशय एकच असतो: कमी खर्चात घर आलिशान कसे दिसेल? साहित्याच्या अभ्यासकाने असल्या प्रश्नाकडे वळू नये असा एक अलिखित संकेत आहे. हा विषय स्त्रियांच्या मासिकांचा, फार तर अंतर्गत सजावटकारांचा, असे आपण धरून चालतो. परंतु या प्रश्नातील 'दिसेल' हे क्रियापद आपल्या कामाचे आहे. दिसणे आणि असणे, मूळ आणि अनुकरण, अलंकार आणि आशय या जोड्यांवर आपण वर्षानुवर्षे वर्गात बोलत आलो आहोत. त्याच जोड्या आपल्या घरांतही रोज नांदत असतात. आपण त्यांच्याकडे समीक्षकाच्या नजरेने पाहत नाही, इतकेच.

शिवाय हा प्रश्न आपल्या खिशाचाही आहे. तासिका तत्त्वावर दोन-तीन महाविद्यालयांत धावपळ करणारा तरुण प्राध्यापक, अकरा महिन्यांच्या कराराने घेतलेल्या घरात राहणारे कुटुंब, गृहकर्जाचा हप्ता भरून उरलेल्या पैशांत पडदे शिवू पाहणारे जोडपे, या साऱ्यांसाठी 'मर्यादित खर्च' ही आवडीने स्वीकारलेली शैली नसते, ती परिस्थिती असते. अशा माणसांनी सुंदर घराची इच्छा धरू नये काय? अवश्य धरावी. माझा मुद्दा एवढाच आहे की ही इच्छा कोणाच्या नजरेने मोजायची ते आधी ठरवले पाहिजे.

'अलंकार' हा शब्द आपण इतक्या सैलपणे वापरतो की त्याची फोड विसरून जातो. अलम् अधिक कृ. अलम् म्हणजे पुरेसे, समर्थ. एखादी गोष्ट अलंकृत करणे म्हणजे तिला तिच्या कार्यासाठी पुरेशी करणे. आनंद कुमारस्वामी यांनी १९३९ साली लिहिलेल्या 'ऑर्नमेंट' या निबंधात याच मूळ अर्थाकडे लक्ष वेधले होते. सजावट ही वस्तूवर वरून चढवलेली चैन नसून ती वस्तूची पूर्तता आहे, हा जुन्या परंपरांतला समज त्यांनी दाखवून दिला. 'अलम्'ला आणखी एक छटा आहे. संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेत सूत्रधार बोलणे आवरते घेतो, तेव्हाही तो 'अलम्'च म्हणतो: आता पुरे. उणीव भरून काढणे आणि वेळीच थांबणे, अशी दोन्ही कामे या एका शब्दात आली आहेत. थोड्या पैशांत घर लावणाऱ्याला याहून नेमकी कसोटी मिळणे कठीण आहे.

आता बाजारातील सल्ले या कसोटीवर घासून पाहू. १९१२ साली अमेरिकेत डॅनियल ओ'कॉनर आणि हर्बर्ट फेबर या दोघांनी विजेच्या उपकरणांतील रोधक म्हणून वापरल्या जाणाऱ्या अभ्रकाला, म्हणजे मायकाला, एक कृत्रिम पर्याय तयार केला. 'फॉर मायका', अर्थात अभ्रकाऐवजी, म्हणून नाव पडले फॉर्मायका. पुढे हा पदार्थ फर्निचरवर आला आणि आपल्याकडे सनमायका या एका व्यापारी नावाने साऱ्या जातीलाच नाव दिले. 'ऐवजी' हाच ज्याच्या नावाचा अर्थ, त्याने नंतर सागवानाऐवजी, शिसवीऐवजी, संगमरवराऐवजी उभे राहावे हे ओघानेच आले. वास्तविक सनमायकात वाईट काही नाही. तो पाण्याला दाद देत नाही, फडक्याने पुसता येतो, स्वस्त पडतो. साध्या, एकरंगी सनमायकाचे कपाट आपण काय आहोत ते सरळ सांगते. सागवानाच्या रेषा छापलेला सनमायका मात्र हात लावेपर्यंतच सागवान असतो. संगमरवरी छापाच्या फरशीचेही तेच. दगडातली एक शीर दुसरीसारखी कधीच नसते. छापलेल्या फरशीवर तीच शीर चार फरश्या सोडून पुन्हा येते, आणि एकदा ती डोळ्यांत भरली की मग तेवढीच दिसत राहते. वापरून गुळगुळीत झालेली उपमा वाचताना जे होते तेच येथेही होते.

क्षेमेंद्राने अकराव्या शतकात 'औचित्यविचारचर्चा' लिहिताना अंगावरच्या दागिन्यांचाच दाखला घेतला होता. कमरपट्टा गळ्यात आणि हार कमरेला घातला, तर दागिने खरे असूनही घालणाऱ्याचे हसेच होते. आपल्या सदनिकांचे छत जेमतेम नऊ-साडेनऊ फुटांवर असते. त्याखाली प्लास्टर ऑफ पॅरिसचे खोटे छत लावून, कडेने लपवलेले दिवे सोडून, आपण पदरचे पैसे खर्च करून अर्धा फूट उंची गमावतो. उंच दालनात जे शोभते ते बुटक्या खोलीत छातीवर येते. येथे रुची उच्च की हीन हा प्रश्नच नाही. अलंकार चुकीच्या जागी बसला आहे, एवढेच.

यावर एक आक्षेप निघेल, आणि तो रास्त आहे. अनुकरण सरसकट त्याज्य ठरवले तर सामान्य माणसाच्या भिंतीवर चित्र तरी आले असते काय? राजा रविवर्मा यांची तैलचित्रे संस्थानिकांच्या राजवाड्यांत होती. १८९४ साली त्यांनी मुंबईत गिरगावात छापखाना सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या शिळाछापाच्या चित्रांनी लक्ष्मी आणि सरस्वती घराघरांतल्या भिंतींवर आल्या. 'कमी खर्चात आलिशान' या कल्पनेचे आपल्याकडचे हे फार मोठे आणि फार यशस्वी उदाहरण म्हणावे लागेल. १९२२ साली मुंबईत स्थापन झालेल्या भारत फ्लोअरिंग्जने विलायती फरश्यांना पर्याय म्हणून नक्षीदार सिमेंटच्या फरश्या काढल्या, त्यामागेही स्वदेशीची प्रेरणा होती. या गोष्टींना नकली म्हणून मोडीत काढणे कृतघ्नपणाचे ठरेल.

परंतु याच उदाहरणांत भेद कोठे आहे तेही दिसते. रविवर्म्यांच्या छापील चित्रांवर अनेक घरांत पुढे हस्तकला झाली. लक्ष्मीच्या साडीला खरी जर लावली गेली, दागिन्यांच्या जागी मणी आणि टिकल्या शिवल्या गेल्या. अशी सजवलेली चित्रे आज संग्राहक जपून ठेवतात. हजारो प्रतींतली एक प्रत कोणाच्या तरी हातून पुन्हा एकमेव झाली. सिमेंटची नक्षीदार फरशी सिमेंटचीच राहिली आणि पावलांनी झिजत गेली तशी अधिक देखणी झाली. स्वस्त वस्तूने आपले स्वस्तपण लपवले नाही, आणि घरातल्या माणसांनी तिच्यात आपली भर घातली. मला वाटते, परवडणाऱ्या सौंदर्याचे मर्म येथे आहे. भर घालता येईल अशी वस्तू घ्यावी. जी पहिल्या दिवशी सर्वांत चांगली दिसते आणि मग नुसती उतरतच जाते, ती कितीही स्वस्त मिळाली तरी महागच पडते.

कादंबरीच्या अभ्यासकांना ठाऊक असलेल्या एका लेखिकेने हा विषय फार गांभीर्याने घेतला होता. इडिथ व्हॉर्टनने कादंबरीकार म्हणून नाव मिळवण्यापूर्वी, १८९७ साली, वास्तुकार ऑग्डन कॉडमन यांच्यासमवेत 'द डेकोरेशन ऑफ हाउसेस' हे पुस्तक लिहिले. एकावर एक चढवलेले जाड पडदे, शोभेच्या वस्तूंनी खचाखच भरलेली टेबले अशा तत्कालीन श्रीमंती दिवाणखान्यांवर त्यात टीका आहे. खोलीचे सौंदर्य तिच्या प्रमाणबद्धतेत, दारे-खिडक्यांच्या मांडणीत असते आणि बाकीचे त्यानंतर येते, हे त्या पुस्तकाचे प्रतिपादन. पुढे १९०५ साली आलेल्या 'द हाउस ऑफ मर्थ'मध्ये ही दृष्टी कथनात उतरली. लिली बार्टला भय आहे ते गरिबीपेक्षाही कळकटपणाचे. कादंबरीच्या आरंभी ती सेल्डन या बेताच्या प्राप्तीच्या वकिलाच्या खोलीत येते. तिथे काय आहे? भिंतीभर पुस्तके, रंग उडालेला पण छान दिसणारा गालिचा, पसारा पडलेले मेज, वाऱ्याने फुगणारा मलमलीचा पडदा आणि सज्जातल्या कुंडीतील फुलांचा वास. आलिशान म्हणावे असे काही नाही. तरीही लिलीला हेवा वाटतो, कारण ती खोली कोणाची तरी आहे. अशी जागा स्वतःची असावी, हे तिला त्या क्षणी तीव्रतेने जाणवते. कादंबरीची पुढची सारी शोकांतिका त्या जाणिवेत बीजरूपाने आहे.

सेल्डनच्या खोलीतील वस्तूंची यादी पुन्हा पाहावी. प्रकाश, वारा, कापड, पुस्तके, एखादे झाड. आपल्याकडे यांतील बहुतेक गोष्टी आजही परवडतात. छताच्या मधोमध एकच पांढराफटक दिवा लावण्याऐवजी दोन-तीन ठिकाणी खालच्या उंचीवर उबदार प्रकाशाचे दिवे ठेवले, तर तीच खोली निराळी भासते. दिव्याच्या खोक्यावर ६५०० केल्विनच्या जागी २७०० ते ३००० हा आकडा पाहून घेणे, एवढाच खर्च. जुनिचिरो तानिझाकीने १९३३ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात जपानी घरांतील सावल्यांचे जे गुणगान केले आहे, त्याचा साधा व्यवहारी अर्थ हाच आहे. लाखेच्या भांड्यांवरचे सोने लख्ख उजेडात भडक दिसते, मंद उजेडात ते उजळते. समईच्या प्रकाशात पितळ कसे दिसते हे ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

पडद्यांचेही तसेच. खिडकीच्या चौकटीला चिकटून दांडी बसवली की खिडकी लहान आणि भिंत तुटकी दिसते. तीच दांडी छताजवळ नेऊन, दोन्ही बाजूंना अर्धा-पाऊण फूट जास्त घेऊन, पडदा जमिनीपर्यंत सोडला तर साधे मांजरपाटही भारदस्त वाटते. कापड थोडे जास्त लागते, पण ते स्वस्तच घ्यायचे आहे. भरजरी कापड आखूड शिवण्यापेक्षा साधे कापड ऐसपैस शिवावे. भिंतीवरची चित्रे आपण उगाचच दाराच्या वर, मान मोडेल अशी लावतो. चित्राचा मध्य जमिनीपासून पाचेक फुटांवर आला की ते पाहण्याच्या टप्प्यात येते. जुने वाडे पाडले जातात तेव्हा त्यांच्या सागवानी चौकटी, दारे आणि खांब जुन्या लाकडाच्या बाजारात येतात. पुण्यातल्या मंगळवार पेठेतील जुना बाजार किंवा मुंबईतील जोगेश्वरीजवळचा ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार धुंडाळायची तयारी असेल, तर घासून लाखेचे पॉलिश केलेले एक जुने मेज छापील सागवानाच्या पूर्ण भिंतीपेक्षा खोलीला अधिक वजन देते. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला याचा आणखी एक फायदा: मेज, दिवा, सतरंजी, पुस्तके टेम्पोत चढतात, भिंतीला ठोकलेले कपाट मालकाकडेच राहते.

येथवर वाचून एखादा चिकित्सक विद्यार्थी म्हणेल, हा साधेपणाचा पुरस्कारही एका वर्गाचीच रुची आहे. हा आक्षेप पहिल्याहून कठीण आहे. प्येर बुर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९७९ सालच्या 'डिस्टिंक्शन' या ग्रंथात हेच दाखवले होते. ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सारे काही आहे त्यांना रितेपण शोभते. झगमगाटाला नाके मुरडणे हीदेखील प्रतिष्ठेची खूण असते. मुंबईतील बीडीडी चाळींच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना 'भिंत रिकामी ठेवा' असे सांगणाऱ्याने आधी त्या खोलीत आठवडाभर राहून पाहावे. ज्या आजीने आयुष्यभर दर आठवड्याला शेणाने जमीन सारवली, तिला चकचकीत फरशी हवीशी वाटते तेव्हा तिची रुची बिघडलेली नसते. तिची कंबर बोलत असते. सारवलेल्या जमिनीचे सौंदर्य वर्णन करणाऱ्या आपल्या ललित लेखनात सारवणारे हात क्वचितच दिसतात.

याची दुसरी बाजू अधिक बोचरी आहे. उर्मिला पवार यांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाचे नाव 'आयदान'. आयदान म्हणजे बांबूपासून विणलेल्या टोपल्या, सुपे, रोवळ्या. वडिलांच्या मागे त्यांच्या आईने आयदाने विणून मुले वाढवली. त्या विणकामाबरोबर जात आणि तिचा अपमान चिकटलेला होता. आज तीच वीण शहरातल्या दुकानांत दिव्याची झुंबरे म्हणून टांगलेली दिसते आणि घराला 'मातीचा स्पर्श' देते. वारली चित्रकलेचेही असेच झाले. लग्नघरात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाष्णी जो देवीचा चौक लिहीत, त्यातल्या आकृत्या आता प्लॅस्टिकच्या चिकटपट्टीवर छापून सोफ्यामागे लावल्या जातात. टोपली घेऊ नये, असे मी म्हणणार नाही. ती जरूर घ्यावी, शक्यतो विणणाऱ्याकडूनच घ्यावी, सांगेल त्या भावाला घ्यावी. तीनशे रुपयांच्या टोपलीत वीस रुपयांची घासाघीस करून आपण जी 'स्वस्तात मस्त' सजावट मिळवतो, तिची किंमत दुसऱ्या कोणीतरी भरलेली असते. 'अलम्' हे विणणाऱ्यालाही लागू आहे: त्याच्या श्रमाला पुरेसा दाम.

हे सारे मान्य करूनही, रुची ही केवळ वर्गाची खूण आहे आणि म्हणून तिच्याविषयी बोलूच नये, या निष्कर्षाला मी येत नाही. झगमग हवी की साधेपणा, हा प्रश्न बाजूला ठेवून एक वेगळा प्रश्न विचारता येतो: घरातला पैसा घरातल्या कोणासाठी खर्च होतो?

जुन्या वाड्यात झुंबर आणि हंड्या दिवाणखान्यात टांगलेल्या असत, कारण तिथे पाहुणे येत. माजघर आणि स्वयंपाकघर अंधारे, धुराने काळवंडलेले असे. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'तील देशपांड्यांचे घर आठवावे. अंगणात ट्रॅक्टर गंजत पडला आहे, वाडा खचतो आहे, आणि घराण्याच्या इभ्रतीला साजेसे तेरावे घालायचे म्हणून साऱ्या घराची ओढाताण चालली आहे. लोकांना दिसणाऱ्या खर्चासाठी घरातली माणसे कशी आतून पोखरली जातात, हे त्या नाटकाइतके नेमके क्वचितच कोठे आले असेल. आपल्या दोन खोल्यांच्या सदनिकेत वाडा उरलेला नाही, पण दिवाणखाना-माजघराचा हिशेब तसाच आहे. हॉलसाठी अंदाजपत्रकातला मोठा वाटा जातो. स्वयंपाकघराला बांधकाम व्यावसायिकाने दिले तेच पुष्कळ मानले जाते. छतावरच्या एकुलत्या दिव्यामुळे ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बाईची सावली तिच्याच हातातल्या विळी-सुरीवर पडते, आणि ही गोष्ट वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. तानिझाकीच्या सावल्या निवांत बसलेल्यासाठी सुंदर आहेत. त्याच सावलीत तांदळातले खडे वेचणाऱ्यासाठी त्या सुंदर नाहीत.

म्हणून कमी पैशांत घर लावायचे असेल तर खर्चाचा क्रम उलटा करावा, असे मी सुचवेन. पहिला खर्च ओट्यावर, भिंतीतल्या फळीखाली, थेट कामाच्या जागी पडणाऱ्या दिव्याचा. दुसरा, शक्य असेल तर, ओट्याची उंची काम करणाऱ्याच्या कोपराखाली चार ते सहा इंच येईल असे पाहण्याचा, म्हणजे पाठ वाकणार नाही. काळ्या कडप्प्याचा ओटा आणि पायाखाली पॉलिश केलेली शहाबादी फरशी, या दोन्ही गोष्टी आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत, आणि त्या कशाचेही सोंग घेत नाहीत. त्यानंतर अभ्यास करणाऱ्या मुलाचा दिवा, म्हाताऱ्या माणसांना हात टेकून उठता येईल अशी खुर्ची, आणि घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः घरातल्या बाईला, स्वतःचा म्हणता येईल असा खिडकीजवळचा एक कोपरा. हॉलचा क्रमांक यानंतर. तोपर्यंत पैसे उरले नाहीत तरी बिघडत नाही; पुस्तकांची एक भिंत, एक स्वच्छ सतरंजी आणि उघडी खिडकी यावर हॉल निभावून जातो.

अशा घरी आलेल्या पाहुण्याला ते श्रीमंत वाटेल की नाही, हे सांगता येणार नाही. बहुधा तो बसेल, चहा घेईल आणि निघायला त्याला नेहमीपेक्षा उशीर होईल. का, ते त्याला नेमके सांगता यायचे नाही. घरातल्यांना मात्र ते ठाऊक असेल, आणि पुढच्या विशेषांकातले 'आलिशान' हे शीर्षक पाहून ते पान उलटतील. सूत्रधाराच्या त्या शब्दाचा अर्थ त्यांना रोजच्या वापरातून कळलेला असेल.